पोर्शेने 915 सोडून जी50 का आणला, आणि जीपचा दुसरा गिअर का घासतो

लातूरच्या एका वाचकांनी विचारले आहे: पोर्शेने 911 या गाडीतला 915 गिअरबॉक्स 1987 च्या मॉडेलपासून बंद करून जी50 का आणला? जुना खराब होता का? आणि माझ्या जुन्या डिझेल जीपचा दुसरा गिअर घासतो, तर त्यात नव्या पद्धतीचा सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारा भाग) बसवला तर हा त्रास जाईल का?

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. चालत्या गाडीत गिअर टाकताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग आधी एका वेगावर आणावे लागतात. हे काम किती सिंक्रोच्या रिंगने करायचे, किती क्लचने, किती तेलाने आणि किती चालवणाऱ्याच्या हाताने, याची वाटणी म्हणजे गिअरबॉक्सची रचना. पोर्शेने ही वाटणी बदलली. तुमच्या जीपमध्ये ती वाटणी कुठेतरी बिघडली आहे.

आधी थेट उत्तर देतो. 915 खराब नव्हता. 1972 च्या मॉडेलपासून 1986 पर्यंत तो 911 मध्ये चालला आणि नीट वापरलेले 915 आजही चालतात. पण ज्या इंजिनासाठी तो बनवला त्यापेक्षा इंजिन बरेच मोठे झाले, क्लच मोठा करण्याची वेळ आली आणि त्याचा सिंक्रो चालवणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून होता. या तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. त्या सुट्या सुट्या सांगितल्या की अर्धेच कळते, म्हणून क्रमाने सांगतो.

आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याचे सगळे गिअर एकमेकांत कायम गुंतलेले असतात. गिअर टाकला म्हणजे गिअर सरकत नाही. शाफ्टवर मोकळ्या फिरणाऱ्या गिअरला स्लीव्ह, म्हणजे सरकणारे कडे, शाफ्टशी जोडते. स्लीव्हच्या आत दाते असतात, गिअरच्या कडेला छोटे डॉग दाते असतात, आणि दोन्ही एका वेगावर आले की स्लीव्ह त्यांवर सरकून बसते. वेग जुळले नसतील तर दात्यांवर दाते आपटतात, तोच आपण ऐकतो तो करकर आवाज. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी गाडीच्या वेगाने धावतो आणि मगच पायरीवर पाय ठेवतो, तसे गिअरला आधी धावायला किंवा थांबायला लावणारा भाग म्हणजे सिंक्रो.

आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांत सिंक्रो नसतो. तिथे गाडी उभी करून गिअर टाकायचा असतो, आणि नांगरताना गिअर बदलायची वेळ क्वचितच येते म्हणून ते चालून जाते. रस्त्यावरच्या गाडीला तसे परवडत नाही.

आता पोर्शेची स्वतःची पद्धत. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच्या काळात पोर्शेचे इंजिनिअर लिओपोल्ड श्मिड यांनी एक वेगळा सिंक्रो तयार केला. 1952 पासून तो पोर्शेच्या 356 या गाडीत आला आणि पुढे अल्फा रोमिओ, फेरारी, बीएमडब्ल्यू यांनीही काही गाड्यांत ही पद्धत वापरली. यात एका जागी कापलेली स्टीलची रिंग गिअरच्या डॉग दात्यांना लागून बसते. तिच्यावर मॉलिब्डेनमचा थर असतो. स्लीव्ह सरकायला लागली की ती या रिंगच्या बाहेरच्या अंगावर घासते. गिअर आणि स्लीव्ह यांच्या वेगात फरक असेल तर ते घर्षण रिंगला फिरवू पाहते, रिंगच्या आत बसवलेल्या पट्ट्या ताणल्या जातात आणि रिंगला आणखी बाहेर ढकलतात. म्हणजे घर्षणातून आणखी घर्षण. जोपर्यंत वेगात फरक आहे तोपर्यंत फुगलेली रिंग स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. फरक संपला की पट्ट्या सैल पडतात, रिंग आत दबते आणि स्लीव्ह तिच्यावरून निघून जाते.

कल्पना उत्तम आहे. छोट्या जागेत आणि हलक्या वजनात जबरदस्त ताकद मिळते, म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांत ती गाजली. अडचण तिच्या स्वभावात आहे. वेग जुळवणारा घर्षणाचा पृष्ठभाग म्हणजे रिंगचे बाहेरचे अंग आणि स्लीव्हची आतली धार. स्लीव्ह प्रत्येक वेळी त्याच अंगावर घासून जाते, त्यामुळे रिंगबरोबर स्लीव्हही झिजते. रिंगचा फुगवटा जरा कमी झाला, की जोरात ढकललेली स्लीव्ह वेग जुळायच्या आधीच तिच्यावरून पुढे सरकते. मग दाते घासतात, दात्यांची टोके बोथट होतात आणि पुढचा शिफ्ट आणखी वाईट होतो. तेल थंड आणि घट्ट असताना रिंगला पकड घ्यायला जास्त वेळ लागतो. हात सावकाश असेल, न्यूट्रलवर क्षणभर थांबणारा असेल, तर हा गिअरबॉक्स फार काळ टिकतो. लिव्हर झटक्याने ओढणाऱ्याच्या हातात तोच लवकर संपतो.

दुसरी पद्धत शंकूची. ती अमेरिकेच्या बोर्ग वॉर्नर कंपनीच्या नावाने ओळखली जाते. गिअरला एक गुळगुळीत शंकू असतो, त्यावर पितळेची रिंग बसते. रिंगच्या आत बारीक आटे कापलेले असतात, ते तेलाचा थर कापून शंकूला पकड देतात. स्लीव्हच्या आत शाफ्टला जोडलेला भाग म्हणजे हब, त्यात तीन चाव्या असतात. स्लीव्ह सरकताना चाव्या रिंगला शंकूवर दाबतात, घर्षणाने रिंग थोडीशी फिरते आणि तिचे तिरके दाते बरोबर स्लीव्हच्या दात्यांसमोर येतात. तिथे स्लीव्ह अडते. वेग जुळला, घर्षणाचा जोर संपला, की स्लीव्हचे तिरके दाते रिंगला बाजूला सारून पुढे जातात. इथे अडवण्याचे काम दात्यांच्या तिरक्या कोनाने होते. कोन शाबूत आहे तोवर कोणी कितीही दाबले तरी वेग जुळल्याशिवाय स्लीव्ह सहजी जात नाही, आणि वेग जुळला की हाताला कमी जोर लागतो. शिवाय झिजतो तो मुख्यतः पितळेचा तुकडा. स्लीव्ह बरीच वाचते.

जी50 गेट्राग या जर्मन कंपनीने बनवला आणि त्यात ही शंकूची पद्धत घेतली. म्हणजे ज्या पोर्शेने स्वतःचा सिंक्रो साऱ्या युरोपला दिला, तिने आपल्या मुख्य गाडीत तो सोडून साधी, कित्येक वर्षे सर्वसामान्य गाड्यांत चालत आलेली पद्धत घेतली. हा निर्णय मला मोठा वाटतो. स्वतःच्या शोधापेक्षा गाडीची गरज त्यांनी वर ठेवली.

पण हे 1987 लाच का? इथे आकडे पाहावे लागतात. 1964 च्या 911 चे 2 लिटरचे इंजिन 130 अश्वशक्तीचे होते आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे 174 न्यूटन मीटर. तेव्हाच्या 901 गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर डावीकडे खाली असायचा, कारण दुसरा आणि तिसरा एका ओळीत आले की शर्यतीत सोयीचे पडते. इंजिन 2.4 लिटरचे झाले तेव्हा जास्त मजबूत 915 आला आणि पहिला गिअर डावीकडे वर, म्हणजे आपल्या सवयीच्या जागी गेला. त्या 2.4 एस इंजिनाचा टॉर्क 216 न्यूटन मीटर होता. 1984 च्या 911 कारेराचा, म्हणजे 3.2 लिटरच्या मॉडेलचा, टॉर्क युरोपातल्या मॉडेलमध्ये 284 न्यूटन मीटर झाला आणि शक्ती 231 अश्वशक्ती. म्हणजे त्याच 915 च्या दात्यांवर आणि बेअरिंगांवर सुमारे 31 टक्के जास्त जोर. मधल्या काळात त्यांनी 915 चे आवरण मॅग्नेशियमचे सोडून ॲल्युमिनिअमचे केले आणि 3.2 मध्ये तेलाचा पंप व थंडावा देणारी नळी जोडली. दुरुस्तीने जेवढे जमते तेवढे केले.

त्यापुढे जायचे तर दाते रुंद हवेत, शाफ्ट जाड हवेत, दोन शाफ्टमधले अंतर वाढवायला हवे. अंतर वाढवले की आवरण नवे आले. आवरण नवे करायचेच असेल तर आतला सिंक्रोही नवा का नको, असा विचार होणे साहजिक आहे. माझ्या मते बदलाची वेळ ठरवली ती याच गोष्टीने. सिंक्रोबद्दलची नाराजी आधीपासून होती, पण नुसत्या नाराजीसाठी कोणी नवे आवरण ओतत नाही.

आता क्लचचा धागा, जो बहुतेक ठिकाणी सुटून जातो. जास्त टॉर्क पोचवायला क्लच मोठा लागतो. 915 असलेल्या कारेरात प्लेट 225 मि.मी. व्यासाची होती, जी50 बरोबर ती 240 मि.मी.ची झाली. फरक 15 मि.मी.चा, तोंडी ऐकला तर किरकोळ वाटतो. पण चकतीला फिरते ठेवणारा जडत्वाचा जोर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी आणि धातू तेच धरले तर 240 ची प्लेट 225 च्या मानाने सुमारे 30 टक्के जास्त जड फिरते. आणि क्लच पेडल दाबले तरी ही प्लेट गिअरबॉक्सच्या बाजूलाच राहते. इंजिन सुटते, पण प्लेट, इनपुट शाफ्ट आणि त्याला जोडलेले गिअर फिरत राहतात. हे सगळे आवरायचे काम त्या छोट्या रिंगचे. म्हणजे इंजिन वाढले म्हणून क्लच वाढला आणि क्लच वाढला म्हणून सिंक्रोवरचा भार वाढला. 915 मध्ये नुसता मोठा क्लच घातला असता तर शिफ्ट आणखी वाईट झाला असता.

रिंगला किती काम पडते याचा हिशोब साधा आहे. वेगातल्या फरकाचा वर्ग करायचा. 915 मध्ये पहिला गिअर 3.181, दुसरा 1.833 आणि तिसरा 1.261 असे गुणोत्तर आढळते. इंजिन 6000 फेऱ्यांवर असताना पहिल्यातून दुसरा टाकला तर फिरणाऱ्या भागांना सुमारे 3460 वर यावे लागते, म्हणजे 2540 फेऱ्यांचा फरक. दुसऱ्यातून तिसऱ्यात तेच 6000 वरून सुमारे 4130 वर, फरक 1870. वर्गांचे गुणोत्तर साधारण 1.8. म्हणजे दुसऱ्या गिअरच्या रिंगला प्रत्येक वेळी तिसऱ्याच्या जवळपास 1.8 पट काम. म्हणून जगात कुठेही जा, पाचगिअरी बॉक्समध्ये घासण्याची तक्रार बहुधा दुसऱ्या गिअरपासून सुरू होते. नव्या गाड्यांत पहिल्या-दुसऱ्या गिअरला दोन किंवा तीन शंकूंची रिंग देतात ती याच कारणाने. तुमच्या जीपचा दुसराच का घासतो, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

क्लच ओढण्याची पद्धतही जी50 बरोबर बदलली. आधी केबल होती, नंतर हायड्रॉलिक झाली. मोठ्या प्रेशर प्लेटला जास्त जोर लागतो, आणि केबलने तो जोर पोचवताना आवरणात घर्षण, केबलचे ताणले जाणे आणि वरचेवर जुळवणी हे सगळे येते. केबल जरा ताणली की पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. मग चालवणारा सिंक्रोला दोष देतो आणि सिंक्रो खरोखरच झिजायला लागतो. हायड्रॉलिकमध्ये प्लेटची झीज आपोआप भरून निघते. रिव्हर्सही हलवला. 915 मध्ये तो उजवीकडे, पाचव्याच्या खाली होता. जी50 मध्ये डावीकडे वर, पहिल्याच्या पलीकडे गेला, त्यामुळे पाचव्यातून खाली येताना तो वाटेतच येत नाही.

हे सगळे फुकट मिळाले नाही. जी50 मोठा आणि जड आहे. तो बसावा म्हणून गाडीच्या मागच्या सस्पेन्शनची आडवी टॉर्शन बार नळी बदलावी लागली. म्हणूनच जुन्या 911 मध्ये जी50 घालणाऱ्यांना नळी कापून नव्याने वेल्ड करणे किंवा बेलहाउसिंग (क्लचभोवतीचे आवरण) आखूड केलेला बॉक्स शोधणे असे उद्योग करावे लागतात. जी50 ची स्वतःची दुखणीही आहेत. क्लच फोर्कचा आडवा शाफ्ट आणि त्याची बेअरिंग कोरडी पडली की पेडल दगडासारखे जड होते. आणि दोन्ही काळांतल्या 911 मध्ये आवाज कमी करण्यासाठी मधे रबर असलेल्या क्लच प्लेट आल्या. ते रबर फुटले की तुकडे अडकून क्लच सुटत नाही, आणि नाव गिअरबॉक्सचे होते.

सगळ्यात मोठ्या टॉर्कच्या 911 ची गोष्टही हेच सांगते. 1978 च्या 3.3 लिटर टर्बोचा टॉर्क 412 न्यूटन मीटर होता. 915 त्याला पुरणार नव्हता, म्हणून टर्बोला जाड दात्यांचा वेगळा चार गिअरचा बॉक्स होता. पाचवा गिअर टर्बोला मिळाला तो 1989 मध्ये, जी50 च्याच मजबूत रूपासह. ही रचना 911 च्या पुढच्या पिढ्यांत, म्हणजे 964 आणि सहा गिअरच्या 993 मध्येही राहिली.

इथवरचे थोडक्यात: टॉर्क वाढला, त्यासाठी मोठा क्लच लागला, क्लचमुळे सिंक्रोवरचा भार वाढला, आणि रिंगच्या फुगवट्यापेक्षा दात्यांच्या कोनावर विसंबणारी पद्धत सर्वसामान्य हातांना जास्त मानवते. म्हणून बदल.

आता तुमची जीप. तुम्ही ज्याला नव्या पद्धतीचा सिंक्रो म्हणता, तो तुमच्या जीपमध्ये बहुतेक आधीपासूनच आहे. जुन्या विलीज जीपचा टी-90 गिअरबॉक्स वॉर्नर गिअरने, म्हणजे बोर्ग वॉर्नरच्याच एका शाखेने बनवलेला होता आणि त्यात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पितळी रिंग होती. पुढच्या बहुतेक जीपांमध्येही तीच पद्धत चालत आली आहे. तेव्हा पद्धत बदलून काही साधणार नाही. काय झिजले किंवा काय जुळलेले नाही, ते शोधावे लागेल. आणि ते कोणते, हे मला इथे बसून सांगता येणार नाही, कारण जीप कोणत्या सालची, बॉक्स कोणता, आधी कोणी उघडला होता का आणि तेल कोणते घातले आहे यावर ते ठरते. शोधायचा क्रम मात्र ठरलेला आहे. स्वस्त आधी, बॉक्स उघडणे शेवटी.

पहिली तपासणी क्लचची. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक टाकून पाहा. मग इंजिन चालू करून, आयडलवर, पेडल पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बहुतेक जीपांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे ही चाचणी क्लचबद्दल खरे सांगते. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना रिव्हर्स करकरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी रिंग बदलली तर नवी रिंगही थोड्याच दिवसांत झिजते. केबल किंवा लिंकेज जुळवा, हायड्रॉलिक असेल तर हवा काढा, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर गळतात का ते पाहा. यानेही सुटत नसेल तर वाकलेली प्लेट, अडकलेले पायलट बेअरिंग किंवा झिजलेला रिलीज फोर्क. आपल्याकडे आणखी एक कारण हमखास सापडते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात जीप जाते, बेलहाउसिंगच्या खालच्या तोंडातून गारा आत शिरतो, मग गाडी महिना दोन महिने उभी राहते आणि प्लेटची स्प्लाइन (शाफ्टवर सरकणाऱ्या खाचा) गंजते. प्लेट शाफ्टवर मोकळी सरकत नाही, क्लच दाबूनही ती फ्लायव्हीलला चिकटून राहते. स्प्लाइन साफ करून ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जास्त ग्रीस उडून प्लेटच्या लायनिंगवर गेले तर क्लच घसरतो.

दुसरी गोष्ट तेल. इथे मी आग्रहाने सांगतो, कारण बरेच चांगले बॉक्स तेलाने मारले जातात. मराठवाड्यात गिअरबॉक्समधून आवाज आला की त्यात 140 नंबरचे घट्ट तेल ओतण्याची सवय आहे. आवाज दबतो. पण डिसेंबरात परभणीकडे पहाटे पारा 10 अंशांच्या खाली जातो, तेव्हा हे तेल इतके घट्ट असते की रिंगचे आटे त्याचा थर कापू शकत नाहीत. सकाळी घासतो आणि दहा किलोमीटर गेल्यावर बरा होतो, अशी तक्रार असेल तर आधी तेलाकडे पाहा. मॅन्युअलमधला ग्रेड घाला. बऱ्याच जुन्या जीपांना तो जीएल-4 प्रतीचा 80डब्ल्यू-90 असतो.

जीएल-4 आणि जीएल-5 मधला फरकही समजून घ्या. जीएल-5 मध्ये डिफरन्शिअलच्या दात्यांसाठी गंधकाची जोरदार भर असते. ती पितळेला खाते, विशेषतः तेल गरम राहत असेल तर. पितळेला सुरक्षित असे डब्यावर स्पष्ट लिहिलेले असेल तर गोष्ट वेगळी. 911 मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच आवरणात, एकाच तेलात असतात, म्हणून तिथे जीएल-5 च सांगितले आहे. 915 ला सुमारे 3 लिटर आणि जी50 ला सुमारे 3.4 लिटर लागते. ते पाहून जीपच्या वेगळ्या बॉक्समध्ये जीएल-5 घालू नका. जीपच्या डिफरन्शिअलमध्ये ते योग्य, गिअरबॉक्समध्ये नाही. जुने तेल काढताना ते पांढऱ्या फडक्यावर घ्या. सोनेरी चमक म्हणजे पितळ झिजते आहे. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर बारीक काळे पीठ चालते, पण तुकडे किंवा दात्यांच्या कपच्या दिसल्या तर बॉक्स उघडावाच लागेल.

तिसरे, वरचे लिंकेज. जुन्या जीपमध्ये लिव्हर थेट बॉक्सच्या वरच्या झाकणात असतो. झाकणातले फोर्क, रेल, स्प्रिंग आणि गोळी पाहा. फोर्कची टोके झिजली असतील तर स्लीव्ह पूर्ण जात नाही. गिअर पडतो आणि जोर आला की निसटतो. निसटणे आणि घासणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. नुसते निसटत असेल तर स्लीव्हचे दाते, फोर्क, सैल माउंटिंग किंवा मेन शाफ्टची आडवी हालचाल पाहा. केवळ रिंग बदलून ते जात नाही.

हे सगळे नीट असूनही फक्त दुसरा गिअर घासत असेल, बाकी सगळे गुळगुळीत असतील, तर रिंग. बॉक्स उतरवून मेन शाफ्ट टेबलावर आला की रिंग शंकूवर हाताने दाबा आणि फिरवा. पकडली पाहिजे. मग रिंगची कड आणि गिअरचे डॉग दाते यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तीन जागी मोजा. नव्या रिंगला ती साधारण 1 मि.मी.च्या आसपास असते, 0.5 च्या खाली गेली की रिंग संपली असे धरतात. पण तुमच्या बॉक्सच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. तीन जागी तीन वेगळे आकडे आले तर रिंग वाकडी आहे. आतले आटे नखाला टोचले पाहिजेत. सपाट झाले असतील तर फट चांगली असूनही रिंग घसरेल.

रिंगबरोबर गिअरचा शंकू पाहा. निळसर झाला असेल किंवा त्यावर चर पडली असेल तर नवी रिंग त्यावर टिकत नाही, गिअरही बदला. शंकूवर व्हॉल्व्हची घासपेस्ट लावून रिंग बसवण्याची एक पद्धत आहे, ती करू नका. पेस्टचे कण पितळेत रुतून बसतात आणि पुढे शंकूच खातात. स्लीव्हच्या आतल्या दात्यांची टोके आणि डॉग दात्यांची टोके टोकदार हवीत. बोथट गोल झाली असतील तर रिंग अडवण्याचे काम करूच शकत नाही, कारण अडवणे त्या तिरक्या कोनावर आहे. तिन्ही चाव्या आणि दोन्ही गोल स्प्रिंगा बदलाच, स्वस्त असतात. स्प्रिंगांची वाकलेली टोके मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणेच बसवायची, नाहीतर चाव्यांवर सारखा दाब येत नाही. उघडतानाच हब आणि स्लीव्हवर खूण करा, कारण त्यांची जोडी दातागणिक बसलेली असते. दुसऱ्याच्या बरोबरीने तिसऱ्याची रिंगही बदला. मजुरी एकदाच लागते.

सुटे भाग घेताना जुना गिअर बरोबर न्या आणि दुकानातच नवी रिंग त्या शंकूवर बसवून फट मोजा. सारख्याच दिसणाऱ्या दोन रिंगांचा शंकूचा कोन थोडा वेगळा असू शकतो. मग रिंग एका कडेलाच टेकते आणि लवकर झिजते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा भागात गिअर कापणारे आणि हीट ट्रीटमेंट करणारे छोटे कारखाने आहेत. जुन्या बॉक्सचा गिअर मिळतच नसेल तर तो बनवून घेता येतो, पण दात्यांची कठीणता मूळ गिअरइतकी हवी हे आधी ठरवून घ्या. नुसता आकार जुळवून बनवलेला मऊ गिअर काही महिन्यांतच झिजतो.

चालवण्याच्या सवयीतही 915 वाल्यांकडून घेण्यासारखे आहे. उभ्या गाडीत पहिला टाकताना ते आधी दुसऱ्याला हलका स्पर्श करतात. शाफ्ट थांबतो आणि पहिला शांतपणे पडतो. काही जुन्या जीपांत पहिल्याला सिंक्रोच नसतो, तिथे ही सवय फार उपयोगी पडते. वरून खाली येताना न्यूट्रलवर क्लच सोडून ॲक्सिलरेटर किंचित द्या आणि मग क्लच दाबून खालचा गिअर टाका. याला आपण डबल क्लच म्हणतो. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली जीप उतरवताना तिसऱ्यातून दुसरा टाकायचा असेल तर रिंगचे बरेचसे काम यामुळे वाचते. गिअर पडल्यावर लिव्हरवर हात टेकवून ठेवू नका. त्या दाबाने फोर्क स्लीव्हवर सतत घासतो.

नवी रिंग बसवल्यावर पहिले 500 किलोमीटर दुसरा गिअर घाई न करता टाका, त्यानंतर तेल एकदा बदला. नव्या रिंगच्या आट्यांची पितळी पूड त्या तेलात येते. ती दिसली म्हणून घाबरू नका, पण दुसऱ्यांदा बदलताना तेवढीच पूड पुन्हा आली तर बॉक्स उघडून शंकूची फट परत मोजा.